तोरणमाळचा यशवंत तलाव: एकट्याने गाडीवर जाणाऱ्यासाठी एका दिवसाचा सविस्तर मार्गदर्शक

तोरणमाळला जाणाऱ्या बहुतेकांचा दिवस ठरलेला असतो. सीताखाई या खोल दरीच्या कड्यावर उभे राहायचे, खडकी पॉइंटवरून दरी पाहायची, गोरखनाथांचे दर्शन घ्यायचे आणि परतताना यशवंत तलावाच्या काठावर गाडी थांबवून दोन फोटो काढायचे. गाडीत पाच-सहा माणसे असतील तर याहून वेगळे काही जमतही नाही, कारण प्रत्येकाची भूक, थकवा आणि घाई वेगवेगळी असते. एकट्याने जाणाऱ्याला मात्र हा क्रम उलटा करता येतो. दिवसाचा मोठा भाग तळ्याला द्यावा आणि उरलेल्या वेळात बाकीच्या जागांपैकी एखादीच पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. हे साधण्यासाठी दिवसाची आखणी शेवटाकडून सुरू करावी लागते. घाट उतरून पायथ्याला किती वाजता पोहोचायचे हे आधी ठरवायचे आणि तेथून मागे येत सकाळी निघण्याची वेळ काढायची.

तोरणमाळ नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यात, सातपुड्याच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे ते साडेअकराशे मीटर उंचीवर आहे. तापी खोऱ्यातील शहादा दीडशे मीटरच्या आसपास असल्यामुळे पन्नास-पंचावन्न किलोमीटरच्या प्रवासात गाडी जवळजवळ एक हजार मीटर चढते, आणि त्यातली बरीचशी चढण शेवटच्या घाटात आहे. उंचीबरोबर हवेचे तापमान दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरते. त्यामुळे शहाद्यात हवी तेवढी ऊब देणारा सदरा तळ्याच्या काठावर कमी पडतो, आणि वारा असेल तर हा फरक त्याहून जास्त जाणवतो.

कोणत्या महिन्यात जावे

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तळे भरलेले, डोंगर हिरवे आणि सीताखाईतला धबधबा जोरात असतो. परंतु याच दिवसांत घाटात दरडी कोसळतात, आणि धुके उतरले की दहा-पंधरा पावलांपलीकडचे दिसत नाही. सोबत कोणी असेल तर एकजण खाली उतरून पुढचा रस्ता पाहू शकतो. एकट्याला ती सोय नसते. म्हणून पहिल्यांदा एकट्याने जाणाऱ्याने भर पावसाळा टाळावा आणि ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ निवडावा. ऑक्टोबरमध्ये पाणी भरपूर असते, गवत अजून हिरवे असते आणि आकाश मोकळे झालेले असते, त्यामुळे माझी पसंती त्याच महिन्याला आहे. डिसेंबर-जानेवारीत थंडी कडक असते. काही वर्षी सातपुड्याच्या या भागात पहाटे दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात. एप्रिल-मेमध्ये खाली खान्देशात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर असताना वरची हवा सुखावह वाटते, पण तळ्याचे पाणी आटून काठाचा चिखल उघडा पडलेला असतो.

दोन तारखा आधी पाहून ठेवाव्यात. महाशिवरात्रीला गोरखनाथाची मोठी यात्रा भरते, महाराष्ट्राबरोबर मध्य प्रदेश आणि गुजरातेतूनही आदिवासी भाविक पायी येतात, आणि घाटरस्ता माणसांनी व वाहनांनी भरून जातो. यात्रा पाहायची असेल तर त्या दिवशी आवर्जून जावे. तळे पाहायचे असेल तर त्याच्या आगेमागे जाऊ नये. दुसरी तारीख दत्तजयंतीची. तेव्हा धुळ्याहून शहाद्याला जाताना लागणाऱ्या सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा आणि प्रसिद्ध घोडेबाजार असतो, त्यामुळे तापीवरच्या पुलाच्या अलीकडे-पलीकडे बराच वेळ मोडू शकतो.

मुक्काम शहाद्यात, प्रवास दोन तुकड्यांत

धुळ्याहून चिमठाणे, दोंडाईचा, सारंगखेडा मार्गे शहादा नव्वद-पंचाण्णव किलोमीटरवर आहे. जळगावकडून येणाऱ्याला चोपडा, शिरपूर मार्गे बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्याने थेट शहादा गाठता येतो. नंदुरबारहून तर तासाभराचे अंतर आहे. धुळ्याहून पहाटे चारला निघून एका दिवसात परत येणारे पुष्कळ आहेत, पण तो मार्ग मी एकट्या माणसाला सुचवणार नाही. शहादा परिसर ऊस, केळी आणि पपईचा आहे. हंगामात पहाटेच्या अंधारात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात, त्यांतल्या कित्येकांच्या मागे दिवा किंवा परावर्तक पट्टी नसते. झोपमोड झालेल्या चालकाने अशा रस्त्यावर तीन तास गाडी हाकायची, मग घाट चढायचा, दिवसभर चालायचे आणि संध्याकाळी तेच सारे उलटे करायचे, हा हिशेब जुळत नाही. आदल्या दिवशी दुपारनंतर निघावे, शहाद्याजवळच्या प्रकाशा या गावी तापी-गोमाईचा संगम आणि केदारेश्वराचे मंदिर पाहावे आणि रात्री शहाद्यात राहावे. संध्याकाळी कळण्याची भाकरी आणि शेवभाजी मिळाली की दिवस वाया गेल्याची भावना उरत नाही.

आदल्या संध्याकाळची कामे

गाडीत इंधन शहाद्यातच पूर्ण भरून घ्यावे आणि वर मिळेल या भरवशावर राहू नये. टायरमधली हवा थंड टायरवर तपासावी, स्टेपनीतही हवा आहे ना ते पाहावे, आणि जॅक व पाना नुसते डिकीत आहेत एवढ्यावर समाधान न मानता चाकाचा एक नट सैल करून परत आवळून बघावा. गॅरेजमध्ये यंत्राने आवळलेले नट हाताने सुटत नाहीत, हे घाटात कळण्यापेक्षा लॉजच्या अंगणात कळलेले बरे. ब्रेक ऑइलची पातळी, कूलंट आणि हेडलाइट पाहावेत. मोटारसायकल असेल तर क्लचची केबल, साखळीचा ताण आणि दोन्ही ब्रेक तपासावेत, आणि पंक्चर काढण्याचे साहित्य व हवेचा छोटा पंप बरोबर ठेवावा.

विजेवरच्या गाडीबद्दल अलीकडे बरेचजण विचारतात. दीड टन वजनाची गाडी एक हजार मीटर वर उचलण्यासाठीच चार युनिटांहून थोडी अधिक वीज लागते, आणि ती सपाट रस्त्याच्या खर्चाशिवाय वेगळी मोजावी लागते. उतरताना त्यातली काही परत मिळते. शहाद्यातून पूर्ण चार्ज करून निघालेल्या आजच्या बहुतेक चारचाकींना हे अंतर जमते, मात्र वर चार्जिंग मिळेल असे गृहीत धरू नये.

फोनवर या भागाचा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवावा, कारण घाटात आणि वर रेंज भरवशाची नसते. रेंज नसली की ऑनलाइन पैसेही जात नाहीत, म्हणून दहा-वीस-पन्नासच्या नोटा जवळ ठेवाव्यात. पाणी किमान तीन लिटर, दशम्या, शेंगदाण्याची चटणी किंवा ठेचा, केळी, गूळ, आणि त्याबरोबर विजेरी, शिट्टी, पातळ रेनकोट, टोपी, एक गरम कपडा, जखमेवर बांधण्याची पट्टी, नेहमीची औषधे आणि कचरा परत आणण्यासाठी एक रिकामी पिशवी एवढे सामान पुरते. पायात चप्पल नको; घोटा झाकणारे बूट हवेत.

सर्वांत महत्त्वाचे काम मात्र सामानाचे नाही. घरातल्या किंवा मित्रांपैकी एका जबाबदार व्यक्तीला गाडीचा क्रमांक, रस्ता, तळ्यावर थांबण्याची जागा आणि परत रेंजमध्ये येण्याची वेळ लिहून पाठवावी. “संध्याकाळपर्यंत येतो” असे मोघम सांगून उपयोग नाही. “साडेपाचपर्यंत म्हसावदहून फोन करीन, साडेसातपर्यंत आला नाही तर चौकशी सुरू कर” असे ठरवावे. तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन, असे तीन क्रमांक कागदावरही लिहून ठेवावेत.

वेळेचा हिशेब

हिवाळ्यात इथे सूर्य संध्याकाळी सहाच्या आसपास मावळतो, पण डोंगराच्या आडोशाला असलेली वळणे त्याआधीच अंधारू लागतात. म्हणून पाच वाजता घाट संपलेला असावा. तळ्यापासून पायथ्यापर्यंत उतरायला तासभर आणि वाटेत थांबावे लागलेच तर अर्धा तास धरला, तर साडेतीनला काठ सोडायला हवा. सकाळी सातला शहाद्याहून निघाल्यास नऊपर्यंत वर पोहोचता येते. म्हणजे हातात साडेसहा तास राहतात. त्यांतले चार तळ्याला, एक जेवणाला व विश्रांतीला आणि उरलेला दीड तास एखाद्या जवळच्या जागेला द्यावा. यात अजून एक जागा बसवण्याचा मोह झाला तर कमी काय करायचे हे आधी ठरवावे, आणि साडेतीनची वेळ हलवू नये.

घाट चढताना

शहाद्याहून म्हसावद आणि राणीपूर मागे पडले की शेते विरळ होतात आणि सागाचे जंगल सुरू होते. सकाळी गुरे, शेळ्या आणि शाळेत निघालेली मुले रस्त्यावर असतात, म्हणून वेग पन्नासच्या खाली ठेवावा. पुढे सातपायरी घाटाची वळणे लागतात. प्रत्येक आंधळ्या वळणावर हॉर्न द्यावा, आपली बाजू सोडू नये, आणि गाडी कण्हू लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. समोरून जीप आली आणि रस्ता अरुंद असेल तर चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे असा वाहतुकीचा नियम आहे. पण उतरणारी जीप माणसांनी भरलेली असेल तर जागा पाहून आपणच थांबलेले शहाणपणाचे. इंजिन तापल्याचे लक्षण दिसले तर रुंद जागी थांबावे, आणि रेडिएटरचे झाकण गरम असताना अजिबात उघडू नये.

या पायथ्याच्या जंगलाला पक्षिशास्त्राच्या इतिहासात वेगळे स्थान आहे. रानपिंगळा या घुबडाचे शास्त्रीय वर्णन १८७३ मध्ये पक्षिशास्त्रज्ञ ए. ओ. ह्यूम यांनी केले, पण १८८४ नंतर त्याची खात्रीलायक नोंद मिळेनाशी झाली आणि तो नामशेष झाला असे मानले गेले. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट या पक्षी-अभ्यासकांना तो शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी पुन्हा दिसला. तेव्हा हा भाग धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. रानपिंगळा दिवसा हालचाल करतो, त्यामुळे सकाळच्या उन्हात सागाच्या निष्पर्ण फांदीवर तो दिसण्याची थोडीफार शक्यता असते. आपल्या गावातल्या साध्या पिंगळ्याच्या माथ्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात; रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा असतो, डोके आणि चोच मोठी असते, आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे असतात. मोबाइलवर त्याचा आवाज लावून त्याला बोलावण्याचा प्रकार करू नये. इतक्या थोड्या संख्येने उरलेल्या पक्ष्याला आपल्या फोटोसाठी हैराण करण्याचा अधिकार कोणालाच नाही.

तळ्यावरचे चार तास

वर पोहोचताच काठावर धावू नये. गाडी वस्तीजवळ, लोकांच्या नजरेत राहील अशा ठिकाणी लावावी, गुरांची वाट किंवा कोणाचे अंगण अडवू नये, आणि गाडीचे तोंड परतीच्या दिशेला करून ठेवावे. टपरीवर चहा घ्यावा आणि तिथेच दोन गोष्टी विचाराव्यात: तळ्याच्या काठाने सध्या कुठपर्यंत जाता येते, आणि कोणत्या बाजूला दलदल आहे. येथील वस्ती प्रामुख्याने पावरा आणि भिल्ल समाजाची आहे. आपापसातील बोलणे पावरी-भिलोरीत चालते, खालच्या सपाटीवरची अहिराणी इथे घरातली भाषा नाही, पण मराठीत विचारलेल्याला सरळ उत्तर मिळते. “दादा, एकटाच आलोय, दुपारपर्यंत पलीकडच्या काठाला असेन” एवढे त्यांना सांगून ठेवले की आपला ठावठिकाणा माहीत असलेले एक माणूस वरही तयार होते. चहाच्या पाच मिनिटांत होणारे हे काम कोणत्याही उपकरणापेक्षा मोलाचे आहे.

चालायला तळे उजव्या हाताला ठेवून सुरुवात करावी. पाणी सतत एकाच बाजूला राहिल्यामुळे दिशा चुकत नाही. फेरी पूर्ण करायचीच, असा हट्ट मात्र धरू नये. नियम वेळेचा ठेवावा: दीड तास पुढे, आणि तोवर फेरी अर्ध्यावर आली नसेल तर आल्या वाटेने परत. पावसाळ्यानंतर तळ्याला मिळणारे ओहळ आडवे येतात. तळ दिसत असेल आणि पाणी घोट्यापर्यंतच असेल तर ओलांडावे, गढूळ किंवा त्याहून खोल असेल तर तेथूनच फिरावे. पाणी ओसरलेल्या काठावर वरून वाळलेली दिसणारी माती आतून मऊ असते. तिच्यावर गुरांच्या खुरांचे ठसे उथळ असतील तर माणसाचे वजन ती पेलते. ठसे वीतभर रुतलेले असतील तर तेथून लांब राहावे.

पोहण्याचा विषय एका वाक्यात संपवतो: एकट्याने अनोळखी तळ्यात उतरू नये. पोहणे उत्तम येत असले तरी तळाचा गाळ, पाणवेली आणि अचानक वाढणारी खोली यांपुढे ते कामाला येत नाही, आणि हाक ऐकणारे कोणी जवळ नसते. पाय बुडवायचेच असतील तर वस्तीजवळच्या वापरातल्या काठावर बसून बुडवावेत. नावेची सोय सुरू असली तर लाइफ जॅकेट असल्याशिवाय बसू नये. तळ्याचे पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये, कारण गुरे त्याच पाण्यावर येतात.

पाहण्यासारखे काय आहे, असे विचाराल तर घाईने चालणाऱ्याला फारसे काही दिसणार नाही. सकाळी नऊ ते साडेदहा या वेळेत वारा कमी असतो, पाणी स्थिर असते आणि समोरच्या डोंगराचे प्रतिबिंब स्पष्ट पडते. अकरानंतर वारा सुटला की ते मोडते. म्हणून छायाचित्रे आधी काढावीत आणि मग कॅमेरा पिशवीत टाकावा. एखाद्या दगडावर अर्धा तास हालचाल न करता बसले तर टिबुकली बुडी मारून भलतीकडेच वर येताना दिसते, खंड्या एकाच फांदीवर पुन्हा पुन्हा येतो, आणि चिखलाच्या रंगात मिसळलेली ढोकरी उडेपर्यंत तिथे होती हेच कळत नाही. पायाखालचा काळा खडक दख्खनच्या बेसाल्टचा आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हाचा. घाटात कापलेल्या कड्यांमध्ये ते थर आडव्या पट्ट्यांनी दिसतात. कानात इअरफोन घालू नयेत. त्यात आनंदाचा प्रश्न आहेच, पण मागून येणारी म्हैस, भुंकणारे कुत्रे किंवा मधमाश्यांची गुणगुण ऐकू येणे एकट्या माणसासाठी सुरक्षिततेचा भाग आहे. कड्यावर किंवा मोठ्या झाडावर आग्या मोहोळ दिसल्यास तिथे धूर करू नये आणि थांबूही नये.

तोरणमाळलाच असलेला कमळ तलाव पाहायचा असेल तर तोही सकाळीच पाहावा, कारण कमळे सकाळी उमलतात आणि ऊन चढल्यावर मिटू लागतात. काठावर कपडे धुणाऱ्या स्त्रियांचे किंवा मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत, आणि विचारून नकार मिळाला तर “एकच काढतो” असा आग्रह धरू नये.

जेवण आणि दुपार

जेवण झाडाखाली, पाण्यापासून थोडे दूर करावे. माकडे जवळ असतील तर गाडीत बसून खावे. वस्तीत गरम भाकरी मिळाली तर डबा ठेवून ती घ्यावी. चार पैसे इथल्या चुलीपर्यंत पोहोचणे चांगलेच आहे. कोणाकडे घरचे आमचूर विकायला असेल तर जरूर घ्यावे, कारण अक्राणी-धडगावच्या आंब्यांचे आमचूर प्रसिद्ध आहे. आग्रह कितीही झाला तरी मोहाच्या दारूला हात लावू नये. पुढे घाट उतरायचा आहे.

उरलेल्या दीड तासात सीताखाई किंवा मच्छिंद्रनाथांची गुंफा यांपैकी एकच निवडावे. पावसाळ्यानंतर लगेच गेल्यास सीताखाई, एरवी गुंफा, असा माझा क्रम आहे. नाथ संप्रदायाच्या परंपरेशी जोडलेली ही गुंफा पाहताना धांदल करण्यासारखे काही नसते, आणि सीताखाईवर मात्र एकट्याने फार सांभाळावे लागते: कड्यापासून निदान दोन माणसांच्या उंचीएवढे अंतर ठेवावे, ओल्या गवतावर पाय देऊ नये, आणि स्वतःचे चित्रीकरण करताना मागे मागे सरकण्याची सवय गाडीतच सोडून यावी.

उतरताना

निघण्यापूर्वी गाडीखाली तेल किंवा पाणी गळल्याचे डाग आहेत का ते पाहावे, आणि पहिल्या पन्नास मीटरमध्येच ब्रेक दाबून खात्री करावी. ज्या गिअरमध्ये चढण चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे. सतत ब्रेकवर पाय ठेवल्यास ब्रेक तापतात, लाइनर गुळगुळीत झाल्यासारखे पकड सोडतात, आणि पॅडल दाबूनही गाडी थांबत नाही. ऑटोमॅटिक गाडीत ‘एल’ किंवा मॅन्युअल मोडमधला खालचा गिअर वापरावा. इंधन वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरणे किंवा इंजिन बंद करणे हा शुद्ध मूर्खपणा आहे. इंजिन बंद झाले की स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकची मदतही जाते. जळका वास आला तर रुंद जागी थांबून ब्रेक आपोआप गार होऊ द्यावेत, त्यांच्यावर पाणी ओतू नये.

धुके आले तर हेडलाइट लो-बीमवर ठेवावेत, कारण हाय-बीमचा प्रकाश धुक्यावरून उलटा डोळ्यांवर येतो. धोक्याचे चारही दिवे चालत्या गाडीत लावू नयेत, नाहीतर वळायचे कळत नाही. पुढचे वळण दिसतच नसेल तर रस्त्याबाहेर सुरक्षित जागी थांबावे आणि धुके विरळ होईपर्यंत वाट पाहावी.

आणि काही कारणाने साडेचार वाजूनही आपण वरच असलो, तर उतरण्याची घाई न करता मुक्काम करावा. तोरणमाळला राहण्याची सोय आहे, पण सुट्टीच्या दिवशी ती भरलेली असते, म्हणून सकाळी चहा घेतानाच रात्री खोली मिळेल का याची चौकशी करून ठेवावी. मुक्काम ठरताच जिथे रेंज मिळेल तिथून घरी कळवावे. रेंज नसेल तर शहाद्याकडे उतरणाऱ्या एसटीच्या वाहकाला किंवा जीपवाल्याला चिठ्ठीवर नंबर लिहून द्यावा आणि म्हसावदला पोहोचल्यावर एक फोन करायला सांगावे.